आठवीतली ग्रेड परीक्षा ते ग्राफिक डिझाइन : नायगावच्या मुलांचा रस्ता आणि आपल्या तालुक्यातल्या मुलांसाठी पूर्ण माहिती

नायगाव (दादर) : पावसाळ्यात शाळेतून एक चिठ्ठी घरी येते. ‘शासकीय रेखाकला परीक्षेला बसायचं असल्यास नाव द्यावं.’ बऱ्याच घरांत ती चिठ्ठी दप्तरातच राहते. चित्रकला म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, त्याला कशाला फी आणि रंगांचा खर्च, असं पालकांना वाटतं. दोन वर्षांनी दहावीचा निकाल लागतो तेव्हा वर्गातल्याच दुसऱ्या मुलाला चित्रकलेचे वाढीव गुण मिळालेले दिसतात आणि मग चौकशी सुरू होते. तोवर वेळ गेलेली असते. ज्याला पुढे खरंच डिझाइनमध्ये जायचं असतं, त्याचं नुकसान तर गुणांपेक्षाही मोठं होतं, कारण त्याची तयारीची दोन वर्षं जातात.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या असंख्य घरांचा एक पाय मुंबईच्या गिरणगावात आहे. कुणाचा काका नायगावला, कुणाची आत्या लालबागला, कुणाचं बिऱ्हाड परळला. म्हणून ही माहिती नायगावपासून सुरू करून आपल्या तालुक्यापर्यंत आणली आहे. आठवी ते दहावीतल्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ती एकदा नीट वाचून ठेवावी.

नायगाव कोणतं, आणि इथून सुरुवात का?

वसईचं नायगाव वेगळं आणि सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव असलेलं साताऱ्यातलं नायगाव वेगळं. आपण बोलतोय ते दादर पूर्व आणि परळ यांच्या मधलं नायगाव. पोलीस मुख्यालय, भोईवाडा, हिंदमाता, स्प्रिंग मिल या खुणांनी ते चाकरमान्यांना ठाऊक आहे. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी ४२ चाळी इथल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आता म्हाडामार्फत त्यांचा पुनर्विकास चालू आहे.

एवढ्या खोलीत चार-सहा माणसं राहत असताना मुलाने ड्रॉइंग बोर्ड मांडायचा कुठे? तरीही गिरणगावातून चित्रकार, अक्षरकार, जाहिरातीत काम करणारे कलाकार निघाले. सुलेखनकार अच्युत पालव हे याच लालबाग-परळ भागात वाढले, पुढे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालयात शिकले, मोडी लिपीचा अभ्यास त्यांनी केला आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

याचं एक कारण आजूबाजूच्या वस्तीत आहे. गिरणीच्या कापडावर नक्षी लागायची, ताग्यावर रंगीत छापील टिका लागायचा, सिनेमाला हाताने रंगवलेला बॅनर लागायचा, गणेशोत्सव मंडळाला कमान, देखावा आणि कार्यअहवालाचं मुखपृष्ठ लागायचं. दादर पूर्वेच्या ज्या रस्त्याला आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणतात, तिथेच फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं काम केलं. तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी लागला. हे फाळके १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते आणि छपाईचं कामही शिकलेले होते. म्हणजे चित्रकला, छपाई आणि जाहिरात हे धंदे या भागात पहिल्यापासून एकमेकांना लागून आहेत. आज ज्याला आपण ग्राफिक डिझाइन म्हणतो, ते याच तिघांच्या जोडणीतून आलेलं आहे.

दुसरं कारण म्हणजे शिकायची सोय. दादरहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की चालत जे. जे. गाठता येतं. ही संस्था सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झाली. १९३५ मध्ये तिथे कमर्शियल आर्टचा, म्हणजे जाहिरात आणि छपाईसाठीच्या चित्रकलेचा विभाग निघाला. १९६१ मध्ये त्याचं स्वतंत्र उपयोजित कला महाविद्यालय झालं. ‘उपयोजित कला’ हा शब्द प्रवेशाच्या कागदपत्रांत वारंवार येतो. त्याचा साधा अर्थ असा : कुणाच्या तरी कामासाठी केलेली कला. पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, औषधाचं खोकं, बोधचिन्ह, जाहिरात, मोबाइलच्या ॲपमधली बटणं, हे सगळं त्यात येतं.

शाळेत सध्या काय शिकवतात?

राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी ते आठवीपर्यंत चित्रकलेचे तास वेळापत्रकात असतात. नववी-दहावीसाठी ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणी विषय २०१७ नंतर आला. पण त्याला गणित-विज्ञानासारखा शंभर गुणांचा पेपर नसल्यामुळे अनेक शाळांत तो तास दुसऱ्याच विषयाला जातो. सीबीएसईच्या मुलांना अकरावी-बारावीला ‘पेंटिंग’ किंवा ‘अप्लाइड-कमर्शियल आर्ट’ हे पूर्ण विषय म्हणून घेता येतात, अर्थात शाळेत तो विषय शिकवला जात असेल तर.

ग्राफिक डिझाइन या नावाचा विषय आपल्याकडे माध्यमिक शाळेत वेगळा नाही. त्यामुळे मुलांना आणि पालकांना वाटतं की हे सगळं बारावीनंतर कॉम्प्युटरवर शिकायचं असतं. खरं तर त्याचा पाया आठवी-नववीतच घालता येतो, आणि तोही सरकारी परीक्षेच्या निमित्ताने.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट : पेपर कोणते?

राज्याच्या कला संचालनालयामार्फत दर वर्षी शासकीय रेखाकला परीक्षा होतात. बोलताना सगळे ‘ग्रेड परीक्षा’ म्हणतात. पहिली एलिमेंटरी, दुसरी इंटरमिजिएट. बहुतेक शाळांत आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट असा क्रम ठेवतात. नावनोंदणी शाळेमार्फत ऑनलाइन होते. उत्तीर्ण विद्यार्थ्याला ए, बी किंवा सी श्रेणी मिळते.

एलिमेंटरीचे विषय असे :

१. वस्तुचित्र – समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढणं. कळशी, डबा, फळ, पुस्तक असं काहीही.

२. स्मरणचित्र – दिलेल्या विषयावर आठवणीने चित्र. बाजार, एसटी स्टँड, लावणी-नांगरणी, शाळेचं मैदान यांसारखे विषय.

३. संकल्पचित्र – ठरावीक आकारात नक्षी बसवून रंगवणं.

४. कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन – कंपास-पट्टीने आकृत्या आणि ठोकळा अक्षरं.

इंटरमिजिएटला वस्तुचित्राऐवजी स्थिरचित्र येतं. त्यात वस्तूंचा समूह, मागचं कापड, छाया-प्रकाश हे सगळं रंगात दाखवायचं असतं. भूमितीत घनभूमितीची भर पडते. स्मरणचित्र आणि संकल्पचित्र तेच, पण अपेक्षा वरच्या पातळीची.

दहावीला गुण किती मिळतात?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात.

– ए श्रेणी : ७ गुण
– बी श्रेणी : ५ गुण
– सी श्रेणी : ३ गुण

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नुसती एलिमेंटरी देऊन भागत नाही. दुसरी, हे गुण आपोआप जमा होत नाहीत. शाळेला त्या मुलाचा प्रस्ताव प्रमाणपत्राच्या प्रतीसह मंडळाकडे पाठवावा लागतो आणि त्याला मुदत असते. प्रमाणपत्र घरात कपाटात राहिलं आणि शाळेत प्रत दिलीच नाही, तर हक्काचे गुण जातात. म्हणून दहावीच्या सुरुवातीलाच दोन्ही प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स वर्गशिक्षकांकडे द्या आणि प्रस्तावाच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा. तिसरी, प्रमाणपत्रावरचं नाव आणि दहावीच्या फॉर्मवरचं नाव एकच असावं. वडिलांच्या नावात किंवा आडनावात फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करून घ्या.

७ गुण म्हणजे फार नव्हे, असं कुणी म्हणेल. अकरावी किंवा पॉलिटेक्निकच्या यादीत अर्ध्या टक्क्याने नंबर हुकलेल्या मुलाला विचारा, तो सांगेल ७ गुण म्हणजे काय ते.

या पेपरांचा डिझाइनशी काय संबंध?

संबंध सरळ आहे, फक्त शाळेत तो कुणी सांगत नाही.

वस्तुचित्रात मुलगा बघायला शिकतो. कळशीचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, पण बाजूने बघताना ते लंबगोल दिसतं. माहीत असलेलं न काढता दिसलेलं काढायचं, ही सवय लागली की पुढे फोटो निवडणं, प्रकाश समजणं, वस्तूचं पॅकिंग काढणं सोपं जातं.

स्मरणचित्रात मांडणी येते. बाजाराच्या चित्रात माणसं किती, मोठी कुठे, लहान कुठे, नजर आधी कुठे जायला हवी, हे ठरवावं लागतं. पोस्टर करतानाही हाच प्रश्न असतो. तालुक्याच्या नाक्यावरचा एखादा फ्लेक्स आठवा. वीस फोटो, पाच रंग, सात प्रकारची अक्षरं, आणि कार्यक्रम कधी आहे ते शोधावं लागतं. तो करणाऱ्याला सॉफ्टवेअर येत होतं, मांडणी येत नव्हती.

संकल्पचित्रात आकाराची पुनरावृत्ती, तोल आणि मोजके रंग हे शिकवलं जातं. साडीचा काठ, फरशी, लग्नपत्रिकेची किनार आणि कंपनीचं बोधचिन्ह यांच्या मुळाशी हीच शिस्त आहे. चार रंगांत काम भागवायचं, ही अट मुलांना जाचक वाटते. छपाईच्या धंद्यात मात्र प्रत्येक रंगाला पैसे पडतात. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला विचारा, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते.

भूमिती आणि अक्षरलेखन हा पेपर मुलांना सगळ्यांत रुक्ष वाटतो. डिझाइनच्या दृष्टीने तोच सगळ्यांत जवळचा. वर्तुळ, स्पर्शरेषा, समान भाग यांच्यावर चिन्हं उभी राहतात. ठोकळा अक्षरं काढताना दोन अक्षरांत अंतर किती ठेवायचं हे डोळ्याने ठरवायला शिकतो. दोन उभ्या रेघांची अक्षरं शेजारी आली तर जागा जास्त लागते, गोल अक्षरं आली तर कमी. पुढे कॉम्प्युटरवर हेच काम करावं लागतं.

आपली अक्षरं, आपली ताकद

मराठी मुलाकडे एक गोष्ट अशी आहे जी मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाकडे सहसा नसते. तो रोज देवनागरी लिहितो. शिरोरेघ, काना, वेलांटी, जोडाक्षर यांची त्याच्या हाताला सवय असते. मराठी जाहिरात, मराठी नाटक, पाठ्यपुस्तक, बँकेचं मराठी ॲप, दुकानाची मराठी पाटी यांसाठी देवनागरी चांगली हाताळणारी माणसं लागतातच.

याच रस्त्याने मोठं काम झालेलं आहे. विंडोज कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं मराठी ज्या ‘मंगल’ अक्षरात दिसली, तो टंक प्रा. र. कृ. जोशी यांनी तयार केला. ते जे. जे.चे विद्यार्थी आणि पुढे पवईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात शिक्षक होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं ज्यांच्या अक्षरांमुळे लक्षात राहिली ते कमल शेडगे (१९३५–२०२०) तर आयुष्यभर अक्षरंच काढत होते. आज मोबाइलवर दिसणारे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले आहेत आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात.

घरी करण्याजोगा सराव : रोज एक शब्द घ्या. आपल्या गावाचंच नाव घ्या. ते ठोकळा अक्षरांत, बोरूने आणि ब्रशने, असं तीन प्रकारे लिहा. बोरू कापायला बांबूची काडी पुरते. महिनाभर केलं की हात बदललेला दिसतो.

कॉम्प्युटर कधी?

पालकांचा हा पहिला प्रश्न असतो. ‘सहा महिन्यांत ग्राफिक डिझायनर’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यात शिकवतात ते सॉफ्टवेअर. ते शिकणं वाईट नाही, पण ते हत्यार आहे. करवत चालवता आली म्हणजे खुर्ची करता येते असं नव्हे. आता शब्द सांगितले की चित्र करून देणारी साधनंही आली आहेत. त्यामुळे नुसतं बटण दाबणाऱ्याची किंमत कमी होणार. काय हवं, का हवं आणि दहांतलं चांगलं कोणतं, हे ज्याला कळतं त्याला काम राहील.

तरी नववीपासून हळूहळू ओळख करून घ्यायला हरकत नाही. महागडी सॉफ्टवेअर लागत नाहीत. इंकस्केप, गिंप आणि क्रिटा ही तिन्ही फुकट आहेत आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतात. इंकस्केप चिन्हं आणि अक्षरांसाठी, गिंप फोटोंसाठी, क्रिटा रंगवण्यासाठी. शाळेच्या संगणक कक्षात ती टाकून घेता येतात.

सोबत तीन गोष्टी आत्ताच शिकून ठेवा :

– मराठी टायपिंग युनिकोडमध्ये करा. जुन्या पद्धतीच्या टंकात केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की अक्षरांची खिचडी होते. डीटीपीवाल्यांना ही रोजची डोकेदुखी आहे.

– स्क्रीनवरचे रंग आणि छापलेले रंग वेगळे येतात. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशावर चालते, छपाई चार शायांवर. स्क्रीनवर झगमगणारा हिरवा कागदावर मळका येतो तो यामुळे.

– गूगलवरचा फोटो उचलून लावायचा नाही. तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. स्वतः काढलेला फोटो किंवा स्वतःचं चित्र वापरा.

बाहेर कसं शिकवतात?

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांच्या मुलांच्या शालान्त परीक्षेत ‘आर्ट अँड डिझाइन’ हा पूर्ण विषय आहे आणि त्यात ग्राफिक कम्युनिकेशनचा पर्याय घेता येतो. तिथे ६० टक्के गुण वर्षभर केलेल्या कामाच्या फाइलला असतात आणि ४० टक्के मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला. त्यातले शेवटचे दहा तास देखरेखीखाली बसून काम करायचं. नुसतं शेवटचं चित्र बघत नाहीत. आधीची कच्ची रेखाटनं, फसलेले प्रयत्न, निवड का केली याच्या नोंदी, सगळ्याला गुण असतात.

आपल्याकडे ग्रेड परीक्षेत दोन-तीन तासांत जे कागदावर उतरेल तेवढंच मोजलं जातं. पण पुढे डिझाइनच्या मुलाखतीत किंवा नोकरीत ‘तुमचं काम दाखवा’ असंच म्हणतात. म्हणून आठवीपासून एक जाड वही ठेवा. त्यात रेखाटनं, रंगांचे तुकडे, आवडलेल्या काडेपेटीचं किंवा अगरबत्तीचं कव्हर, मंडळासाठी केलेलं पोस्टर, सगळं तारखेसह चिकटवा. चार वर्षांनी तीच वही तुमची ओळख होईल.

दहावीनंतरचे रस्ते

लवकर कामाला लागायचं असेल तर आयटीआयमध्ये डीटीपी ऑपरेटर, मल्टिमीडिया-ॲनिमेशन, पेंटर असे ट्रेड आहेत. कोणता ट्रेड कोणत्या आयटीआयमध्ये आहे ते प्रवेशाच्या यादीत दिसतं. मुंबईत जे. जे.च्याच आवारात शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे दहावीनंतर छपाईतली पदविका करता येते. छपाईची माहिती असलेला डिझायनर प्रेसमध्ये आणि पॅकेजिंगमध्ये जास्त उपयोगी पडतो.

बारावीनंतरचे रस्ते

बीएफए, म्हणजे ललित किंवा उपयोजित कलेतली चार वर्षांची पदवी. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कोणत्याही शाखेतून बारावी चालते. राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे भाग असतात. म्हणजे चारांपैकी तीन भागांची तोंडओळख ग्रेड परीक्षेतच झालेली असते. ज्याने आठवी-नववीत ते मनापासून केलं, त्याला बारावीनंतर महागडा क्लास लावण्याची वेळ सहसा येत नाही.

शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. मुंबईच्या जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथली प्रवेशप्रक्रिया तिच्या स्वतःच्या माहितीपत्रकात बघावी. मुंबईत रचना संसद (प्रभादेवी) आणि रहेजा, पुण्यात अभिनव, कोल्हापुरात दळवीज आणि कलानिकेतन ही नावंही कलेच्या क्षेत्रात जुनी आणि माहितीतली आहेत.

बी.डिझाइन हा वेगळा रस्ता. आयआयटी मुंबईत १९६९ मध्ये डिझाइन केंद्र सुरू झालं. तिथल्या पदवीसाठी ‘यूसीड’ परीक्षा असते. अहमदाबादच्या एनआयडीची आणि निफ्टची परीक्षा वेगवेगळी. यांत चित्राबरोबर तर्क, निरीक्षण आणि इंग्रजी वाचन यांचा कस लागतो. स्पर्धा मोठी असते. अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच निघतात, निकालानंतर चौकशी करून उपयोग नाही.

जिल्हा सोडायलाच हवा का?

नाही. आपल्या जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या सावर्डे इथे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, आणि संगमेश्वर तालुक्यात देवरुखला डी-कॅड हे कला आणि डिझाइनचं महाविद्यालय आहे. देवरुखलाच लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयही आहे. गावात इतकं चांगलं चित्रसंग्रहालय असणं ही मोठी गोष्ट आहे. शाळेची सहल दर वेळी गणपतीपुळ्यालाच न नेता एकदा तिथे न्यावी. सावर्डे आणि देवरुखचं काम बघून आल्यावर मुलाला ‘हे आपल्याला जमेल का’ या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळतं.

आणि ज्याचं बिऱ्हाड नायगाव-परळला आहे, त्याने मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला गेल्यावर नुसतं राणीबाग आणि चौपाटी करू नये. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२) बघायला पैसे पडत नाहीत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय नायगावहून जवळ आहे. खुद्द नायगावात १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. जुने दिवाळी अंक आणि त्यांची मुखपृष्ठं हा मराठी डिझाइनचा खजिना. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं एकदा डोळ्यांखालून गेली की मासिकाच्या नावाची अक्षरं आणि चित्र एकमेकांना कशी सांभाळून घेतात ते समजतं.

शाळेत चित्रकलेचे सर किंवा बाई नसतील तर?

ही आपल्या तालुक्यांतली खरी अडचण आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीत १००हून अधिक मुलं असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असायला हवा. पट त्याहून कमी असलेल्या वाडीवरच्या शाळेला ही तरतूदही लागू होत नाही. पूर्णवेळ कलाशिक्षक निवृत्त झाले की जागा रिकामीच, असंही घडतं. मग ग्रेड परीक्षेची चिठ्ठीसुद्धा मुलांपर्यंत येत नाही.

अशा वेळी करता येण्याजोग्या गोष्टी :

– जूनमध्येच मुख्याध्यापकांना विचारा : यंदा आपली शाळा मुलं बसवणार का? शिक्षक नसले तरी नोंदणीचं काम दुसरे शिक्षक करू शकतात.

– जवळच्या केंद्रशाळेतल्या किंवा हायस्कूलमधल्या कलाशिक्षकांकडे शनिवारी सराव ठेवता येतो का ते पालकांनी मिळून बघावं. पाच-सहा मुलं एकत्र आली की सर सहसा नाही म्हणत नाहीत.

– शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय लेखी मांडा. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही.

– गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, सुट्टीत मुलाला बसू द्या. मातीचा आकार, प्रमाण, डोळ्यांची आखणी हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

खर्च किती, मदत कुठे?

परीक्षेच्या तयारीला लागतं ते असं : २बी, ४बी, ६बी पेन्सिली, पोस्टर कलरच्या बाटल्या, दोन गोल आणि एक चपटा ब्रश, कंपासपेटी, कागद आणि पाठीमागे धरायला बोर्ड. बोर्डाऐवजी प्लायवुडचा गुळगुळीत तुकडा चालतो. सगळे रंग घ्यायची गरज नाही. लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा एवढ्यात बाकीचे रंग मिसळून होतात, आणि मिसळायला शिकणं हाच अभ्यास आहे.

पदवीला गेल्यावर खर्च वाढतो, विशेषतः साहित्याचा आणि मुंबईत राहण्याचा. फीसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना कला संचालनालयाच्या अभ्यासक्रमांनाही आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला लागू असल्यास तो, आणि आधारला जोडलेलं बँक खातं बारावीच्या वर्षातच तयार ठेवा. तहसील कार्यालयातली गर्दी जूनमध्ये कशी असते ते सांगायला नको.

पालक विचारतात ते

‘यात पोट भरेल का?’ – चित्र विकून जगणं कठीण आहे, हे खरं. पण उपयोजित कला शिकलेल्याला जाहिरात, प्रकाशन, पॅकेजिंग, वृत्तपत्र, ॲनिमेशन, वेबसाइट, कापड उद्योग आणि शाळेतली नोकरी असे बरेच दरवाजे आहेत. पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि तो पदवीपेक्षा कामाच्या फाइलवर वाढतो.

‘मुलगी आहे, मुंबईला एकटी कशी पाठवायची?’ – आधी सावर्डे-देवरुखचा विचार करा. मुंबईच हवी असेल तर वसतिगृहाची चौकशी प्रवेशाआधी करा, नंतर नको. नायगाव-परळला नातेवाईक असतील तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

‘अभ्यासावर परिणाम होईल का?’ – नववीत आठवड्याला चार-पाच तास पुरतात. दहावीचं वर्ष सुरू होण्याआधी इंटरमिजिएट झालेली असावी, एवढंच सांभाळा.

‘हात चांगला नाही, तरी बसवावं का?’ – सरळ रेघ कुणालाच जन्मजात येत नाही. बसवा. जास्तीत जास्त काय होईल, सी श्रेणी येईल, आणि मूल बघायला शिकेल.

थोडक्यात वेळापत्रक

सातवी : वही सुरू करा, रोज एक रेखाटन.
आठवी : जूनमध्ये शाळेत नाव द्या, एलिमेंटरी द्या.
नववी : इंटरमिजिएट द्या, देवनागरी टायपिंग आणि एखादं फुकट सॉफ्टवेअर शिका.
दहावी : दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती शाळेत द्या, प्रस्ताव गेला का ते विचारा.
अकरावी : सावर्डे, देवरुख किंवा मुंबईचं एखादं महाविद्यालय प्रत्यक्ष बघून या.
बारावी : प्रवेश परीक्षांचे अर्ज वेळेत भरा, दाखले काढून ठेवा.

यंदाची चिठ्ठी दप्तरात असेल तर आजच काढून बघा. शेवटची तारीख त्यावरच लिहिलेली असते.